पंख आहेत, उडणं नाही

पोकेमॉनच्या पहिल्या खेळाबद्दल जुन्या खेळाडूंचं मत विचारू नये. विचारलंच, तर आधी चहा मागवावा. १९९६ साली जपानात गेम बॉयवर आलेला रेड-ग्रीनचा जोडखेळ हा त्यांच्या लेखी कळस; पुढचं सगळं भेसळीचं. प्राणी १५१ होते आणि तेवढेच पुरेसे होते, हे तर वेदवाक्य.

आता कळसाची कळा पाहा. रेडच्या वेष्टनावर झळकतो तो पंखवाला चारिझार्ड, पण त्याला ‘फ्लाय’ शिकवताच येत नाही. चिमणीएवढा पिजी मात्र नायकाला गावोगाव उडवत नेतो. ‘फोकस एनर्जी’ वापरली की जबर तडाख्याची शक्यता वाढायची, ती चक्क घटते! सायकिक गटाला भुतं भारी पडतात, असं खेळातलंच पात्र सांगतं. प्रत्यक्षात भुताचा वार त्यांना लागतच नाही.

हे दाखवलं की उत्तर ठरलेलं : ‘‘अहो, त्यातच तर मजा होती!’’ हीच चूक नव्या खेळात निघाली, तर हेच लोक पैसे परत मागतील.

आणि खेळातल्या बंदराजवळच्या ट्रकखाली म्यू नावाचं पोकेमॉन दडलंय, ही अफवा! ते तिथे नाही, हे कधीच सिद्ध झालंय. तरी ‘नीट शोधलं नसेल’ म्हणणारे काही आहेतच. तुम्ही त्यांतले असाल तर एवढंच सांगतो : ट्रकखाली काही नाही. घरी जा.