बॅटरीपाळ

रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर एका चार्जवर हवेत राहतं सहा-सात मिनिटं. त्याची बॅटरी भरायला पाऊण तास लागतो. उडून आल्यावर ती गरम असते, ती निवल्याशिवाय पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, म्हणून आणखी काही वेळ जातो. सगळं आटोपल्यावर तिला कपाटात ठेवण्याआधी ठरावीक व्होल्टेजवर आणायचं, त्याला लागणारा वेळ वेगळाच. म्हणजे एखाद्या गृहस्थाने रविवारची सकाळ या छंदाला दिली, तर त्यातली पंधरा-वीस मिनिटं तो वैमानिक असतो आणि उरलेले तीन तास बॅटरीचा सेवेकरी. माणसाचा वेळ ज्यात जातो तोच त्याचा खरा छंद, हा न्याय लावला तर पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत जी जमात हेलिकॉप्टरं उडवते असा समज आहे, ती हेलिकॉप्टरं उडवतच नाही. ती बॅटऱ्या पाळते. माझं म्हणणं याच्याही थोडं पुढचं आहे. हा बॅटरीपाळ बाहेरून हास्यास्पद दिसत असला तरी बॅटरीच्या बाबतीत तो जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर बरोबर असतो, आणि त्याच्या या बरोबर असण्यामुळेच त्याचं हेलिकॉप्टर जमिनीवर राहतं.

त्याला ओळखणं सोपं आहे. वय पस्तिशी ते पासष्टीच्या दरम्यान कुठेही. शिक्षण बहुधा इंजिनिअरिंगचं. पण ते नसलं तरी चालतं, वहीत रकाने आखता आले पाहिजेत. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी आगपेटीपेक्षा लहान व्होल्टमीटर. प्रत्येक बॅटरीवर पांढरी पट्टी, पट्टीवर क्रमांक आणि खरेदीची तारीख. वहीत त्या क्रमांकापुढे किती वेळा चार्ज केली, किती एमएएच आत गेले आणि अंतर्गत रोध किती मिलिओहम भरला याची नोंद. हा रोध बॅटरीच्या वयाबरोबर वाढत जातो, म्हणून गेल्या महिन्यापेक्षा आकडा दोनाने चढला की त्याचा चेहरा उतरतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतला दुकानदार त्याला पाहिल्यावर मीटर आधीच बाजूला काढून ठेवतो, कारण हा दुकानातल्या चारही बॅटऱ्या मोजल्याशिवाय एक घेणार नाही. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, हा नियमही तो कटाक्षाने पाळतो. पुण्यात तो मोडायची सोयच नाही, ही गोष्ट अलाहिदा. सोसायटीतल्या एखाद्या पोराने ‘काका, उडवून दाखवा ना’ म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘आज नाही रे. सगळ्या स्टोरेजला आहेत.’

या उत्तरावर हसण्याआधी लिथियम-पॉलिमर, म्हणजे ‘लायपो’, सेलचा स्वभाव समजून घ्यायला हवा. त्याशिवाय या माणसाला न्याय मिळणार नाही. सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट. तीनच्या खाली उतरला की कायमची इजा. आणि काही दिवस नुसता पडून राहणार असेल तर तो ठेवायचा ३.८० ते ३.८५ वर, म्हणजे अर्धामुर्धा भरलेला; यालाच ‘स्टोरेज’ म्हणायचं. भरगच्च सेल तसाच ठेवला तर धन टोकाशी इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होत राहतं, वायू साठतो आणि वरचं मऊ पाकीट फुगतं. उकाड्यात हे सगळं आणखी वेगाने होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत भरलेली बॅटरी विसरणं हा त्याच्या लेखी अक्षम्य गुन्हा आहे. उलट बाजूने, पार उतरलेला सेल तसाच ठेवला तर आतल्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं आणि पुढच्या चार्जिंगला ते भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते. मराठी मध्यमवर्गीय घराला ही शिकवण पचणं कठीण. आपल्याकडे डबा एकतर काठोकाठ भरलेला असतो, नाहीतर घासून पालथा घातलेला. चांगल्यातली वस्तू ठेवणीत जाते आणि ठेवणीतली वस्तू टिकते, यावर कित्येक पिढ्यांची कपाटं उभी आहेत. लायपो या सगळ्याला छेद देते. वापरली तरी ती म्हातारी होते, न वापरली तरी होते, आणि जपून भरून ठेवली तर सगळ्यांत लवकर होते. तिला वाचवायचं तर अर्ध्यावर थांबायला शिकावं लागतं, आणि बॅटरीपाळ हे शिकलेला असतो. एरवी पेट्रोलची टाकी फुल्ल केल्याशिवाय पंपावरून न हलणारा हा माणूस बॅटरी मात्र निम्मीच भरून समाधानाने चार्जर बंद करतो. संस्कारांवर विज्ञानाने मिळवलेला इतका स्वच्छ विजय आपल्या घरांत क्वचितच दिसतो.

यावर पहिला आक्षेप मोबाइलवाल्यांचा. आमचा फोन रात्रभर चार्जिंगला असतो, आम्ही कुठे वह्या ठेवतो? त्यांनी जरा गणित करावं. फोनच्या बॅटरीची राखण करायला आत स्वतंत्र सर्किट बसलेलं असतं आणि तिच्यातली वीज दिवसभरात सावकाश खर्च होते. लहान हेलिकॉप्टरची दीडशे एमएएचची बॅटरी सहा मिनिटांत रिकामी होते, म्हणजे ती सरासरी दीड अँपिअर देते, आपल्या क्षमतेच्या दहापट दराने. पाच हजार एमएएचच्या फोनला हेच करायला सांगितलं तर त्याला पन्नास अँपिअर द्यावे लागतील, आणि तो फोन कुणी कानाला लावणार नाही. शिवाय विमान इंजिन बंद पडलं तरी थोडं तरंगतं. घरात उडणाऱ्या या साध्या हेलिकॉप्टरांना ती सवलत नाही; हवेत एका जागी नुसतं लटकून राहायचं तरी मोटरला सतत जोर लावावा लागतो. बॅटरी थकली की पात्यांचा वेग पडतो, शेपटीवरचा ताबा सुटतो आणि यंत्र भिंतीकडे निघतं. म्हणून ऐंशी टक्के वीज वापरून झाली की खाली उतरायचं, असा या मंडळींचा दंडक आहे आणि त्यासाठी रिमोटवर टायमर लावलेला असतो. सात मिनिटांची बॅटरी साडेपाच मिनिटांतच उतरवणाऱ्या माणसाला कंजूष म्हणतात. तो फक्त उरलेल्या दीड मिनिटाची किंमत ओळखून असतो.

दुसरा आक्षेप घरातल्याच ज्येष्ठांकडून येतो आणि तो चुकीचा असूनही फार ठामपणे मांडला जातो: बॅटरी पूर्ण संपवावी, मगच चार्जिंगला लावावी, नाहीतर तिला सवय लागते. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला, आणि त्या बॅटऱ्यांपुरता त्यात काही अर्थ होता. सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली, त्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी आपल्याकडे सल्ला अजून कॅडमियमचाच दिला जातो. बॅटरीपाळाला ही नावं सालासकट पाठ असतात. जेवणाच्या टेबलावर तो ती ऐकवतोही, आणि ऐकणारे आमटी वाढून घेतात.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि इथे मात्र बॅटरीपाळाची बाजू लंगडी आहे हे मान्य करायला हवं. छोटी एकसेली बॅटरी काही शे रुपयांत येते. तिचं आयुष्य वाढवण्यासाठी घेतलेला चार्जर, मीटर आणि आग न पकडणारी पिशवी यांचा हिशोब केला तर वाचलेल्या बॅटऱ्यांच्या किमतीत तो खर्च कधी निघेल, हे त्याच्या वहीतही कुठे लिहिलेलं नसतं. मिलिओहमचा रकाना आहे, रुपयांचा नाही. यावरून त्याला वेडा ठरवणाऱ्यांनी आपल्या घरातल्या गाडीच्या कव्हरचा आणि सोफ्यावरच्या चादरीचा हिशोब आधी करावा.

आता या पंथाचा खरा कसोटीचा दिवस, म्हणजे रविवार. शनिवारी रात्री तो हवेचा अंदाज बघतो. वारा नाही, पाऊस नाही. ‘चारशेपन्नास’ वर्गाच्या हेलिकॉप्टरसाठीच्या चार बॅटऱ्या तो चार्जरला लावतो. प्रत्येकी तीन सेलच्या, २२०० एमएएचच्या. तिन्ही सेल सारखे भरावेत म्हणून बॅलन्सची वायर जोडतो, क्षमतेइतकाच करंट ठेवतो आणि शेजारी खुर्ची टाकून बसतो, कारण चार्जिंग सोडून उठायचं नाही. मध्यरात्र उलटते. सकाळी मैदानावर पोचावं तर क्रिकेटच्या तीन टीम आधीच हजर, किंवा वारा सुटलेला, किंवा जुलै महिना. तो घरी परततो आणि आता त्याच्याकडे काठोकाठ भरलेल्या चार बॅटऱ्या असतात. त्या परत निम्म्यावर आणायला हव्यात. अशा एका बॅटरीत साधारण २४ वॅट-तास वीज मावते. त्यातली निम्मी, म्हणजे बारा, बाहेर काढायची. पण घरगुती वापराच्या साध्या चार्जरची बॅटरी उतरवण्याची ताकद असते पाच वॅटच्या आसपास. एका बॅटरीला अडीच तास, चारांना दहा. न उडालेल्या हेलिकॉप्टरचा रविवार असा रात्रीपर्यंत पुरतो. अनुभवी मंडळी यावर तोड म्हणून स्कूटरच्या हेडलाइटचा पस्तीस वॅटचा बल्ब बॅटरीला जोडतात आणि एका बॅटरीचं काम वीस मिनिटांवर आणतात. तेवढा वेळ भर दुपारी दिवाणखान्यात स्कूटरचा दिवा जळत असतो आणि एक मनुष्य मीटरवर नजर लावून बसलेला असतो. कुणी म्हणेल, राहिल्या दोन दिवस भरलेल्या तर काय आकाश कोसळेल? नाही कोसळणार. हे त्यालाही माहीत असतं. पण पुढच्या रविवारी वारा नसेल याची हमी कोण देणार? आणि दोनाचे आठ दिवस कसे होतात, हे ज्यांची खेळणी माळ्यावर आहेत त्यांना विचारावं. एकूण काय, बॅटऱ्या निरोगी असतात तेव्हा भरलेल्या नसतात, आणि भरलेल्या असतात तेव्हा हवा बिघडलेली असते.

आगीच्या भीतीची थट्टा मात्र करू नये. लायपोतला द्रव ज्वलनशील असतो. सेलला खिळा घुसला, तो चेपला किंवा मर्यादेबाहेर चार्ज झाला तर तो पेटतो, आणि पेटला की विझवणं सोपं नसतं. म्हणून चार्जिंग गादीवर किंवा लाकडी टेबलावर न करता उघड्या फरशीवर करणं, आपटलेल्या हेलिकॉप्टरची बॅटरी लगेच काढून मोकळ्या जागी थोडा वेळ नजरेखाली ठेवणं, फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून ‘हवा काढायचा’ प्रयत्न न करणं, या गोष्टी निव्वळ शहाणपणाच्या आहेत. हेलिकॉप्टर पडल्यावर तो तुटलेल्या पात्यांकडे न पाहता आधी बॅटरी चाचपतो, यातही त्याचं चुकत नाही. अडचण येते ती मेलेल्या बॅटऱ्यांची. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, भंगारवाल्याच्या पोत्यात तर नाहीच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण ते संकलन केंद्र सापडेपर्यंत गॅलरीत तुळशीपासून हात-दोन हात अंतरावर वाळू भरलेली एक मातीची कुंडी असते. पाहुण्यांना वाटतं त्यात काहीतरी पेरलंय. काही जण चांगल्या बॅटऱ्या हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्येही ठेवतात. गारव्यात त्यांची झीज मंदावते हे खरं. पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. हे दह्याच्या भांड्यामागे हात घालणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्याच्या विरुद्ध टोकाला असतो तो वाढदिवसाला मिळालेलं सायमा एस-१०७ यूएसबीला लावून विसरणारा पोरगा. त्याच्या हेलिकॉप्टरची दीडशे एमएएचची बॅटरी आतच डकवलेली असते. ना वही, ना मीटर, ना क्रमांक. तो ते धाडकन आपटतो, पुन्हा लावतो, पुन्हा उडवतो, आणि परीक्षा आली की कपाटावर फेकतो. परीक्षा संपेपर्यंत बॅटरी मेलेली असते. पण तोवर त्याने जितके तास उडवलेलं असतं तितके बॅटरीपाळाने तीन वर्षांत उडवलेले नसतात, हेही खरं. माझ्या मते अशा खेळण्यांना वहीची गरज नाही. गरम असताना चार्ज करू नये, चार्जिंगला लावून झोपी जाऊ नये, आणि कपाटावर ठेवण्याआधी दोन-तीन मिनिटं उडवून जरा उतरवावं, एवढ्याने काम भागतं. हे सांगायला मात्र बॅटरीपाळाला विचारू नये. तो अंतर्गत रोधापासून सुरुवात करतो.

त्याच्या ज्ञानाला खरा श्रोता मिळतो तो विमानतळावर. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकायच्या नाहीत, सोबतच्या बॅगेत ठेवायच्या, टोकं झाकलेली हवीत, आणि शंभर वॅट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही. हे सगळं त्याने महिनाभर आधी वाचून ठेवलेलं असतं. एक्स-रेच्या यंत्रापाशी बॅग थांबते. सुरक्षारक्षक पिशवी बाहेर काढतो आणि हे काय आहे असं विचारतो. इतकी वर्षं घरात, सोसायटीत कुणी इतक्या गांभीर्याने हा प्रश्न विचारलेला नसतो. तो प्रत्येक पट्टीवरचा क्रमांक दाखवतो, २.२ अँपिअर-तास गुणिले ११.१ व्होल्ट हा गुणाकार करून २४.४ चा आकडा सांगतो, सगळ्या स्टोरेजला आहेत हेही सांगतो. मागची रांग वाढत जाते. रक्षक मान डोलावतो आणि शेवटचा प्रश्न टाकतो, ‘हेलिकॉप्टर कुठाय?’

‘ते घरीच ठेवलंय. दहा दिवस घर बंद, त्यात मे महिना, यांना एकटं कसं सोडायचं?’