काका, बसा ना

अर्ध्या तिकिटाचा हक्क मिळाल्यावर प्रस्तुत लेखक पहिल्यांदा स्वारगेटहून साताऱ्याला निघाला, तेव्हा त्याने आधार कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं होतं. पाकिटात नाही, वरच्या खिशात. कंडक्टरने शंका घेतली रे घेतली की झटकन काढता यावं म्हणून. संवादही मनात तयार होता. कंडक्टर म्हणणार, ‘‘काका, हाफ पासष्टच्या पुढं असतं.’’ मग लेखक मंद हसून कार्ड पुढे करणार. कंडक्टर कार्डाकडे, चेहऱ्याकडे, पुन्हा कार्डाकडे बघणार आणि आजूबाजूचे दोघं-तिघं माना वळवणार. प्रत्यक्षात कंडक्टरने लेखकाकडे एकदाच बघितलं, ‘‘एक हाफ ना, आजोबा?’’ म्हणत मशीनची बटणं दाबली आणि तो मागे सरकला.

ओळखपत्र बघणं हे त्याचं कर्तव्य होतं. शासकीय नियमांची इतकी चाड लेखकाला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांकडे मात्र त्याने आधार मागितलं. त्यांचे केस काळे होते. रंगवलेले आहेत हे लांबूनही कळत होतं, पण मागितलं.

म्हातारपण नक्की कधी लागतं, याबद्दल सरकारी खात्यांचंही एकमत नाही. राज्य सरकार आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी नारळ देतं. २००७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे माणूस ६० व्या वर्षी ज्येष्ठ नागरिक होतो. एसटी त्याला ६५ पर्यंत तरुण समजून पूर्ण पैसे घेते, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याकडून काहीच घेत नाही. रेल्वेची तऱ्हा तिसरीच. खालचा बर्थ देताना ती ४५ वर्षांच्या बाईचाही विचार करते, पुरुषाला मात्र साठीपर्यंत वर चढायला लावते. तिकिटात सवलत होती तेव्हा बाई ५८ ला ज्येष्ठ होई आणि पुरुष ६० ला. म्हणजे ५९ चा नवरा आणि ५८ ची बायको बरोबर निघाले, तर बायको ज्येष्ठ आणि नवरा कनिष्ठ. बऱ्याच घरांत वस्तुस्थिती तीच असल्यामुळे कोणी हरकत घेतली नसावी.

त्यात लेखकाची जन्मतारीख १ जून. त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच होती, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत असे आणि आईला पाऊस आठवायचा, तारीख आठवायची नाही. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला निघाली तीही १ जूनलाच, १९४८ साली. म्हणजे नियमाप्रमाणे एसटी २०१३ मध्ये स्वतःच्या गाडीत अर्ध्या तिकिटाला पात्र झाली आणि २०२३ पासून तिला फुकट फिरता येतं. त्याच वर्षी, मार्चमध्ये, सरकारने सरसकट सगळ्या बायकांना अर्धं तिकीट करून टाकलं. लेखकाला ते अजून पचलेलं नाही. पासष्ट वर्षं खपून मिळवायचा हक्क कॉलेजला जाणाऱ्या मुलीला एका सकाळीत मिळाला, आणि वर तिला वयही सांगावं लागत नाही.

पण तिकीट ही किरकोळ बाब. खरा प्रश्न जागेचा.

शहर बसमध्ये चढल्यावर लेखकाच्या मनात दोन इच्छा एकाच वेळी असतात. पहिली, कोणीतरी तरुणाने ताडकन उठून ‘‘काका, बसा ना,’’ म्हणावं. दुसरी, आपण ‘‘छे छे, बस तू,’’ म्हणून ती जागा नाकारावी. उठून जागा दिली नाही तर हल्लीची पिढी बिघडलेली. दिली तर आपण तेवढे म्हातारे दिसतो की काय, ही नवी काळजी. एकदा एका मुलीने जागा देऊ केली, तेव्हा लेखक तोऱ्यात म्हणाला, ‘‘पुढच्याच स्टॉपला उतरायचंय मला.’’ पुढचा स्टॉप आला. मुलगी त्याच्याकडे बघत होती. लेखक उतरला आणि मागच्या बसची वाट बघत उन्हात उभा राहिला.

जागा देणाऱ्यांतही हुशार मुलं असतात. ती काही बोलत नाहीत. उठतात, दाराकडे जातात, उतरणार असल्यासारखी दांडा धरून उभी राहतात. आपण बसतो. चार स्टॉपनंतरही ती तिथेच असतात. असं करायला त्यांना कोणी शिकवलं, हे विचारावंसं वाटतं, पण विचारायचं म्हणजे पुन्हा उठून दाराशी जायचं.

इथे रुमालाबद्दल थोडं सांगायला हवं. संपादकांनी हा भाग कापू नये.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची रीत कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, पण तिच्याइतका मनापासून पाळला जाणारा कायदा महाराष्ट्रात दुसरा नसेल. गाडी फलाटाला लागण्याआधीच माणसं तिच्याबरोबर धावू लागतात आणि खिडक्यांतून वस्तू आत पडू लागतात. वस्तू सीटवर पडली पाहिजे. पायाशी पडली तर दावा बाद. दोन रुमाल एकाच सीटवर पडले, तर खालचा खरा, कारण तो आधी पडला असणार. हा युक्तिवाद कुठल्याही कोर्टात टिकेल. वर्तमानपत्राला किंमत नाही. लोक ते उचलून वाचायला लागतात आणि वाचता वाचता बसतात. पिशवी चांगली, पण तीत काय आहे यावर भीती अवलंबून. टोपी एके काळी सर्वांत भक्कम, कारण ती टाकणारा बोडक्या डोक्याने तिच्यामागे येणार हे नक्की. आरक्षणवाला आणि रुमालवाला यांच्यात तंटा झाला तर कंडक्टर आरक्षणाच्या बाजूने निकाल देतो, पण त्याची सहानुभूती रुमालाकडे आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. शेवटी धावपळ रुमालवाल्याने केलेली असते.

एका रुमालाने किती जागा धराव्यात, याबद्दल मतभेद आहेत. तिघांच्या सीटवर मधोमध टाकलेला रुमाल तिन्ही जागा धरतो, अशा मताचे लेखकाचे वडील होते. त्यासाठी ते मुद्दाम मोठे, निळ्या काठाचे रुमाल विकत घेत. नाक पुसायला त्यांच्याकडे वेगळा असे.

या सगळ्याच्या वर मूल. खिडकीतून आत सोडलेल्या मुलाचा दावा कोणी नाकारत नसे. लेखक सहा-सात वर्षांचा असताना आजोबांनी त्याला नगरच्या स्टँडवर असाच आत ढकलला होता. काम सोपं होतं. सीटवर आडवं पडायचं आणि कोणी आलं की, ‘‘आजोबा येतायत,’’ एवढंच म्हणायचं. मिशीवाले, पागोटेवाले आडदांड गडी त्या तीन फुटी पहारेकऱ्यासमोर थबकायचे आणि पुढे जायचे. आजोबा मात्र सगळ्यांच्या शेवटी, धोतर सावरत, दाराने यायचे, खिडकीशी बसायचे आणि ‘‘मर्दा!’’ म्हणून नातवाच्या पाठीवर थाप मारायचे. ती थाप मिळावी म्हणून लेखक परतीच्या प्रवासात न सांगता खिडकीखाली उभा राहिला होता. आजच्या नियमात तसे आजोबा अर्धे आणि बारा वर्षांखालचा नातूही अर्धा; दोघं मिळून एक फुल तिकीट होतं. त्या काळी जागेवरून दोन पिढ्या भांडत नव्हत्या असं नाही. एका घरातल्या दोन पिढ्या मिळून दुसऱ्या घराशी भांडत, इतकंच.

खिडकीतून टाकायला आता नातू मिळत नाही. तो बेंगळुरूत किंवा टोरांटोत असतो. तालुक्याच्या स्टँडवर दुपारी जाऊन बघावं. पंचाहत्तरी पार केलेले आजोबा रिकामी पिशवी घेऊन गाडीची वाट बघत असतात. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात, ‘‘लेकीकडं.’’ किंवा नुसतंच, ‘‘जाऊन येतो.’’ संध्याकाळच्या गाडीने परत येतात. फुकट आहे म्हणून फिरतात, अशी कुरकूर लेखकाने ऐकली आहे. खरं तर गाडीत कोणीतरी शेजारी बसतं आणि ‘‘कुठलं गाव?’’ असं विचारतं. घरी दिवसभर तेही कोणी विचारत नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये हे सगळे नियम बदलतात. तिथे वयाला किंमत नाही, स्टेशनला आहे. डब्यात शिरल्याबरोबर बसलेल्याला ‘‘कुठे उतरणार?’’ विचारायचं, त्याने घाटकोपर म्हटलं की ती जागा घाटकोपरपासून आपली, आणि मध्ये उभी असलेली सगळी जनता हा करार मानते. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा करून देतात. चौथी सीट म्हणजे अर्धा माणूस बाकावर आणि अर्धा अधांतरी. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत रोजच्या ग्रुपमधला माणूस अर्ध्या वाटेत आपण होऊन उठतो आणि उभ्या असलेल्या मित्राला बसवतो. यात तिशीचा साठीच्यासाठी उठतो तसा साठीचाही तिशीच्यासाठी उठतो. ‘‘तू सकाळपासून उभा आहेस,’’ हे कारण पुरतं. पुण्याच्या माणसाला हे जरा अराजकासारखं वाटतं. आमच्याकडे बसवर पाटी असते आणि पाटी वाचून दाखवणारे असतात.

त्या वाचून दाखवणाऱ्यांबद्दल लेखकाची तक्रार आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

सकाळी सातचा सुमार. ज्येष्ठांच्या सीटवर विशीतला एक मुलगा झोपलेला. आकाशी शर्ट, खांद्यावर सिक्युरिटी एजन्सीचा बिल्ला, मांडीवर डबा. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या स्टॉपवर पांढरे बूट घातलेले दोघं चढले, लेखकाच्याच वयाचे. त्यातल्या एकाने मुलाच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. ‘‘वर काय लिहिलंय? वाचता येतं ना?’’ मुलगा दचकून उठला. ‘‘सॉरी काका, नाइट होती,’’ म्हणाला आणि दांड्याला लटकलेल्या हातावर डोकं टेकून पुन्हा डोळे मिटून उभा राहिला. जागेवर बसलेले गृहस्थ सोबत्याला सांगू लागले की, आज पर्वतीच्या १०३ पायऱ्या तीनदा चढलो, दम लागला नाही.

पासष्ट वर्षांचा पुरावा कार्डावर छापून मिळतो. रात्रभर सोसायटीच्या गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बारा तास काढल्याचा पुरावा त्या पोराने कुठून आणायचा? आणि खरोखर ज्याने काढून घेतलं, त्याला आम्ही कधी टकटक केलं? रेल्वेने मार्च २०२० मध्ये, करोनाच्या तोंडावर, ज्येष्ठांची तिकीट सवलत बंद केली: पुरुषांची ४० टक्के, बायकांची ५० टक्के. करोना गेला, सवलत आली नाही. बागेतल्या कट्ट्यावर तिच्याबद्दल चार दिवस चर्चा झाली, एक अर्ज लिहायचं ठरलं, तो अजून लिहायचा आहे. कानात इअरफोन घालून बसून राहिलेल्या पोराबद्दलची चर्चा मात्र रोज नव्याने होते. पोरगा हाताशी असतो. रेल्वे बोर्ड दिल्लीला.

असो. मुद्दा जड झाला. मध्य रेल्वेने २०२५ मध्ये एक निराळाच तोडगा काढला. माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये मालडब्याची जागा बदलून तिथे ज्येष्ठांसाठी स्वतंत्र कप्पा केला, आणि तशी पहिली लोकल सुरू झाली. तरुण पिढीचा प्रश्नच मिटला. ती आतच येऊ शकत नाही. मुलीकडे डोंबिवलीला जाताना लेखक दादरला अशा कप्प्यात चढला. सगळीकडे पांढरी डोकी. त्याला बसायला जागाही मिळाली.

कुर्ल्याला ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ काठी टेकत आत आले. त्यांनी बाकावरून एक नजर फिरवली. प्रत्येक जण खिडकीबाहेर बघू लागला, दोघांनी डोळे मिटले, एकाने मोबाइल काढला. हे सगळे प्रकार लेखकाला पाठ होते, फक्त इतक्या सुरकुत्यांसकट त्याने ते पाहिले नव्हते. काठी त्याच्यासमोर येऊन थांबली.

‘‘तुम्ही त्यातल्या त्यात तरुण दिसताय,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘उठा बघू.’’

लेखक असा उठला की शेजाऱ्याचा चष्मा पडता पडता राहिला. घाटकोपरला एक जागा झाली, ती त्याने घेतली नाही. ठाण्याला दोन झाल्या, त्याही नाही. दांडा न धरता उभं राहता येतं का, हेही त्याने दिव्याजवळ करून पाहिलं.

‘‘बाबा, गर्दी होती का गाडीला?’’ घरी पोचल्यावर मुलीने विचारलं.

‘‘भयंकर. सगळी म्हातारी माणसं,’’ लेखक म्हणाला आणि गुडघ्याला लावायला मलम कुठे ठेवलंय ते विचारू लागला.