रिकामा डावा पाय

आयुष्यभर क्लच दाबून कंटाळलेला, पण क्लच गेल्यावर मात्र करमेनासा झालेला एक पुरुषवर्ग हल्ली पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतो. वय साठीच्या पुढेमागे, डावा गुडघा दुखरा, मुलगी बंगळुरूत, आणि गाडी नवीकोरी ऑटोमॅटिक. मुलीनेच फोनवरून घ्यायला लावलेली. आमच्या सोसायटीतल्या या वर्गाच्या प्रतिनिधींना आम्ही नुसतं काका म्हणतो.

काका बँकेतून निवृत्त झाले, ड्रायव्हिंगमधून व्हायचा त्यांचा विचार नव्हता. प्रीमियर पद्मिनीवर, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगला असायचा त्या काळात ते शिकले. मग मारुती ८०० आली. खंबाटकीच्या चढावर पुढे ट्रक आणि मागे एसटी असताना हँडब्रेक न ओढता, नुसत्या हाफ क्लचवर गाडी कशी धरून ठेवली, हे ते अजूनही सोफ्यावर बसून पायांनी करून दाखवतात. घरात सगळ्यांना गाडी त्यांनीच शिकवली. काकूंना शिकवायला घेतलं, तेव्हा अलका टॉकीजच्या चौकात गाडी बंद पडली. त्यावर काका जे काही बोलले, त्यानंतर काकूंनी लायसन्स कपाटात दागिन्यांशेजारी ठेवून दिलं ते दिलंच.

नव्या गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबं गेली आणि काका गेटपर्यंत पोचले. तिथे सवयीने त्यांच्या डाव्या पायाने क्लच शोधला. क्लच नव्हता, त्या जागेच्या जवळपास भलामोठा ब्रेक होता. चाळीस वर्षांच्या इमानाने पायाने तो तळापर्यंत दाबला. मागे बसलेल्या आम्हा तिघांच्या मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स पुढच्या काचेला भेटून आला. “ब्रेक चांगले आहेत,” काका म्हणाले. बेरोजगार डाव्या पायाचं काय करायचं हा प्रश्न पुढे बरेच दिवस गाजला. काका तो सीटखाली मुडपून बसायला लागले, आणि उतरताना त्याला मुंग्या आलेल्या असल्यामुळे कुंपणाला धरून उभे राहायला लागले. गाडी गुडघ्यासाठी घेतली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

पण पाय ही किरकोळ बाब. खरं प्रकरण गचक्याचं. पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गिअर पडताना गाडी क्षणभर दम खायची आणि मग अंगात आल्यासारखी पुढे सुटायची. आतली मंडळी एका तालात होकारार्थी माना डोलवायची. कर्वे रोडला नळस्टॉपपर्यंत जाताना काकांचं प्रत्येक म्हणणं सगळ्यांना एकमताने मान्य असायचं.

सुरुवातीला काकांनी गचक्याचं खापर रस्त्यावर फोडलं. पुण्यात ही सोय कायमच असते. नंतर पेट्रोलवर. शेवटी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या पोराने शेजारी काकांना बसवून एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली. “नॉर्मल आहे सर,” पोरगा म्हणाला. माणसाला इतकं लागणारं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

त्या दिवसापासून काकांनी अभ्यास सुरू केला, आणि सोसायटीची शांतता संपली. पार्किंगमध्ये जो भेटेल त्याला ते थांबवतात. “अरे, हे खरं ऑटोमॅटिक नाहीच! याला एएमटी म्हणतात. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलंय आणि त्याच्या डोक्यावर एक कॉम्प्युटर.” मग आवाज खाली येतो. “हा कॉम्प्युटर म्हणजे बँकेत नवीन लागलेला क्लार्क. काम करतो, पण एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर नेताना मध्ये चहा पिऊन येतो. तेवढ्या वेळात क्लच दाबलेला, इंजिनचा जोर चाकाला नाही, आणि आपण आपले अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय. चहा संपला की गचका!”

हे अगदी बरोबर आहे. बऱ्याच महागड्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. ते धक्का पिऊन टाकतं. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी सामान्य खरेदीदाराच्या हाताशी आली, ती या तेलाचा खर्च वाचवूनच. मॅन्युअलपेक्षा पन्नासेक हजार जास्त मोजायचे आणि मायलेज जवळपास तेवढंच. मध्यमवर्गाने एवढ्यासाठी याहून मोठे गचके सोसले आहेत.

उपायही काकांना पाठ आहे: पाय हलका ठेवायचा, आणि गिअर बदलायच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडायचा. अडचण इतकीच, की तो क्षण गाडीने ठरवायचा आणि काकांना तो आपण ठरवायचा असतो. पीएमपीच्या बसला मागे टाकायला ते पाय दाबतात. गाडी विचार करते, खालचा गिअर शोधते, आणि तोवर बसच स्टॉप सोडून निघून जाते. बेसमेंटच्या चढावर, गेट उघडेपर्यंत, ते गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवतात, खंबाटकीत धरली होती तशी. एकदा वॉचमन वाकून म्हणाला, “काका, काहीतरी जळतंय.” क्लचप्लेट जळत होती. ब्रेक दाबून उभं राहिलं असतं तर भागलं असतं, पण ते कोणालाही जमतं.

मध्यंतरी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस गाडी बंद सांगितली, आणि काकूंनी कपाटातून लायसन्स काढलं. तेही मुदत संपल्यावर, सगळे सोपस्कार करून, पुन्हा मिळवलेलं होतं. कधी, ते काकांनाही माहीत नव्हतं. त्यांना हाफ क्लच कधी जमला नव्हता, त्यामुळे विसरण्यासारखं काही नव्हतं. एक पाय, दोन पेडल. गाडीने गिअर बदलायला वेळ मागितला की त्या देत. काका शेजारी काळा चष्मा लावून बसले होते.

“अगं, आता सोड थोडा. आता दाब. आता—”

“अहो, तो टाकतोय ना गिअर. टाकू दे की त्याला.”

मी मागे होतो. सोसायटीपासून डेक्कनपर्यंत माझी मान एकदाही डोलली नाही. काका मात्र डेक्कनला उतरल्यावर म्हणाले, “गाडी आता सेट झालीये. पहिले काही महिने मीच मेहनत घेतली ना तिच्यावर.” काकूंनी चावी पर्समध्ये टाकली, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती अजून तिथेच आहे.

तुमच्याही सोसायटीत असे काका असतील. त्यांच्या गाडीने जाण्याचा योग आला, तर बसण्याआधी फक्त स्टिअरिंगकडे नजर टाका. काकू असतील तर खुशाल बसा. काका असतील तर रिक्षा करा.