पुरे म्हणायला न शिकलेले सर्व्हर

जावात थ्रेड पूल एका ओळीत तयार होतो. 'एक्झिक्युटर्स'कडे पन्नासाचा फिक्स्ड पूल मागायचा, पन्नास थ्रेड मिळतात, कोड रिव्ह्यूत कुणी हरकत घेत नाही, सर्व्हिस प्रॉडक्शनवर जाते. त्या ओळीत पन्नास हा आकडा दिसतो. त्या पन्नासांपुढे लागणारी रांग मात्र दिसत नाही. तिची मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. दोनशे कोटींहून जास्त कामं पोटात घ्यायला तयार असलेल्या पूलला 'मर्यादित' म्हणणं ही वापरणाऱ्याची फसवणूक आहे, आणि ती २००४ साली जावा ५ आल्यापासून चालू आहे.

आता दुसरी गोष्ट. पूलला कोअर आणि मॅक्स असे दोन आकडे देता येतात. गर्दी झाली की थ्रेड कोअरपासून मॅक्सपर्यंत वाढत जातील, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही. कोअर थ्रेड कामात अडकले की नवं काम आधी रांगेत जातं, आणि रांग पूर्ण भरली तरच जादा थ्रेड जन्माला येतो. रांगच अमर्याद असेल तर ती भरणार कधी? मॅक्सच्या जागी २०० लिहा नाहीतर २०००, त्या आकड्याला काडीचा अर्थ उरत नाही. स्प्रिंग बूट जो आयता टास्क एक्झिक्युटर देतं (व्हर्च्युअल थ्रेड चालू केले नसतील तर), त्यात कोअर ८ आणि रांग अमर्याद आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. ते न वाचता प्रॉडक्शनवर जाणं हा हलगर्जीपणा आहे, त्याला दुसरं नाव नाही.

याची किंमत कोण मोजतं? पैसे भरायचं बटण दाबून बसलेला माणूस. त्याच्या ॲपचा टाइमआउट ३० सेकंदांचा. त्याची रिक्वेस्ट रांगेत ४० सेकंद पडून राहते. तो वैतागून पुन्हा बटण दाबतो. एक्केचाळिसाव्या सेकंदाला सर्व्हर पहिलं काम इमानाने हातात घेतो, डेटाबेसला कामाला लावतो आणि उत्तर तयार करतो. ते घ्यायला तिकडे कुणी उरलेलं नसतं. रांगेत मेलेलीच कामं जास्त आणि जिवंत कामं त्यांच्या मागे, अशी अवस्था येते. या सगळ्यात सीपीयूचा आलेख शांत असतो, कारण वाट पाहणारा थ्रेड सीपीयू खात नाही. त्यामुळे ज्याच्याकडे फक्त तेवढाच आलेख आहे त्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही.

हिशेब अवघड नाही. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम इथे पुरतो: सेकंदाला येणारी कामं गुणिले एका कामाला लागणारा वेळ, म्हणजे एका वेळी अडकलेली कामं. सेकंदाला १०० रिक्वेस्ट, प्रत्येकी ०.२ सेकंद, तर २० थ्रेड गुंततात. पलीकडची एखादी सर्व्हिस मंदावून तोच वेळ २ सेकंदांवर गेला की २०० लागतात. टॉमकॅटचे डिफॉल्ट थ्रेड तेवढेच, २००. म्हणजे एका मंद शेजाऱ्यापायी सगळा सर्व्हर गुंतला, ज्या पानांचा त्या शेजाऱ्याशी संबंध नाही तीसुद्धा अडली. म्हणून अशा शेजाऱ्याकडे जाणाऱ्या कामांना वेगळा, छोटा पूल द्यावा. आणि थ्रेड वाढवून सुटका होईल असं वाटत असेल तर हिकारीसीपी या कनेक्शन पूलचं डिफॉल्ट पाहा: डेटाबेसची १० कनेक्शन. दोनशे जणांना डेटाबेस हवा असेल तर १९० जण दारातच उभे राहणार.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २५ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या कायनेसिस सेवेत थोडे सर्व्हर वाढवले गेले. तिथला प्रत्येक फ्रंट-एंड सर्व्हर बाकीच्या प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड उघडत असे. सर्व्हर वाढले तसे सगळ्यांचेच थ्रेड वाढले आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली. क्षमता वाढवायला गेले आणि सेवा आडवी झाली. कायनेसिसवर विसंबणारी कॉग्निटो ही लॉगिनची सेवाही अडकली. ती खाली गेल्यामुळे ग्राहकांना बिघाड कळवायच्या नेहमीच्या साधनातही सुरुवातीला मजकूर टाकता येईना. पूर्ववत व्हायला रात्र झाली. अ‍ॅमेझॉनने हे सगळं नंतर मोकळेपणाने लिहून ठेवलं, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

जावा २१ मधल्या व्हर्च्युअल थ्रेडनी हा प्रश्न संपला, असं हल्ली ऐकू येतं. थ्रेड स्वस्त झाले हे खरं, त्यांचा पूल करू नये हेही खरं. पण डेटाबेसची कनेक्शन दहाच राहिली. अकराव्या थ्रेडला तिथे वाट पाहत थांबावंच लागतं.

नाट्यगृहाबाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागला की प्रेक्षक चरफडतो, पण पुढच्या प्रयोगाचं तिकीट काढून घरी जातो. सर्व्हरने ५०३ परत पाठवणं म्हणजे तो बोर्ड. लगेच मिळालेला नकार वापरणाऱ्याचा वेळ वाचवतो आणि जी कामं आत घेतली आहेत ती नीट पार पडतात. तरी टीममध्ये ५०३ दिसला की आरडाओरडा होतो आणि रांग लांबवली जाते. लांब रांगेत बिघाड दिसत नाही, म्हणून ती सगळ्यांना आवडते.

तेव्हा पुढच्या रिलीजआधी तुमच्या सर्व्हिसमधला प्रत्येक पूल शोधा. त्याचं नाव, थ्रेडची संख्या, रांगेची लांबी आणि रांग भरल्यावर काय होणार, एवढं कागदावर लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टीममध्ये कुणालाच देता आलं नाही, तर रिलीज थांबवा.