देवळालीची आघाडी

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती कधी झालीच नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने १९६३ ते १९६८ या काळात कॉलेजात असलेला एखादा म्हातारा गाठावा. चीनच्या युद्धानंतर कॉलेजातल्या धडधाकट पोरांना एनसीसी सक्तीची झाली. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हाच हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला होता. आता ठाकूरद्वारच्या चाळींचा नंबर लागला.

परेड मरीन ड्राइव्हवरच्या एका जिमखान्यात. कवायतीचे हुकूम हिंदीत आणि आमचं हिंदी भय्याकडून दूध घेण्यापुरतं. उस्ताद ‘दाहिने मुड’ ओरडले की निम्मी पलटण समुद्राकडे तोंड करी, निम्मी चर्नी रोडच्या लोकलकडे. तरी हजेरी चोख असे, कारण परेडनंतर पुरीभाजी आणि केळं मिळे.

डिसेंबर १९६४मध्ये देवळालीला कँप लागला. गिरगावाला देवळाली ठाऊक ती हवापालटाची. आजी म्हणाली, “बरं झालं हो, पोराचा खोकला जाईल.” शेजारच्या काकूंनी मात्र मी चुशूलला निघाल्याच्या थाटात औक्षण केलं, हातावर दही घातलं आणि हळूच विचारलं, “येताना नाशिकचा चिवडा आणशील ना रे?”

त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईची ट्राम कायमची बंद झाली होती. तेव्हा ट्रंक आणि वळकटी घेऊन बोरीबंदरपर्यंत पायीच कूच केलं. पायात खिळ्यांचे बूट. त्यांचं माप स्टोअरवाल्याने माझा चेहरा बघून ठरवलेलं. धोबीतलावाच्या फरशीवर ते असे घसरत, की मी चालतोय का वाहतूक पोलिसाला सलामी देतोय, हे त्यालाही कळेना.

आयांनी दिलेले लाडू कल्याणच्या आत संपले. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लागली. थळ घाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. इगतपुरीला विजेचं इंजिन काढून वाफेचं जोडलं, आणि तिथून पुढे हौसेने खिडकीबाहेर काढलेली सगळी डोकी काजळीने माखली. देवळालीला उतरताना आम्ही आघाडीवर चाललेले नव्हे, तिथून परतलेले दिसत होतो.

देवळालीला तोफखान्याचं स्कूल. लांबवर खऱ्या तोफा धडाडत आणि आम्ही लंगरात बटाटे सोलत असू. मी घरी लिहिलं, ‘तोफांच्या गडगडाटात कर्तव्य बजावतो आहे.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. पत्र चाळीच्या तिन्ही मजल्यांवर फिरलं म्हणे.

रात्री त्याच लंगरावर माझा पहारा. खांद्यावर चार किलोची थ्री-नॉट-थ्री, गोळी एकही नाही. थंडीने दातांची स्वतंत्र परेड चाललेली. कोठीमागे खुडबुड झाली.

“थम! कौन आता है?”

“दोस्त!”

आवाज मुगभाटातला, ओळखीचा. उस्तादांनी शिकवलं होतं, की दोस्ताला ओळख पटवायला पुढे बोलवावं. मी बोलावलं. ओळख पटली. दोस्त सरळ साखरेच्या पोत्याशी गेला आणि परतताना मूठभर माझ्याही खिशात घातली. सकाळी चहा अळणी. चौकशीत मी सांगितलं, की रात्रभरात एकही शत्रू फिरकला नाही. उस्तादांनी माझ्या खिशाला लागलेल्या मुंग्यांची रांग पाहिली, म्हणाले, “इनकी ड्रिल तुमसे अच्छी है,” आणि पाठीवर पिट्ठू चढवून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

त्या बुटांतल्या फेऱ्यांनी अंगठ्याचं नख गेलं. माझ्या लष्करी कारकिर्दीतली जखम म्हणायची ती एवढीच. काकूंना चिवडा मात्र वेळेवर पोचला.

१९६८मध्ये सक्ती उठली. धाकटा भाऊ त्यानंतर कॉलेजात गेला आणि आपणहून एनसीसीत नाव घालून आला. देशासाठी का, असं वडिलांनी कौतुकाने विचारलं. तो म्हणाला, “नाही, दादा म्हणाला पुरीभाजी चांगली असते.”