घाईचा भाव

अमेरिकेतल्या अनेक शहरांत विजेच्या खांबांवर, सिग्नलपाशी, पुलाच्या तोंडाशी पिवळ्या प्लास्टिकच्या पाट्या ठोकलेल्या दिसतात. ‘आम्ही घरं विकत घेतो. रोख. आहे तसं. सात दिवसांत.’ खाली फोन नंबर. अक्षर मार्करने खरडल्यासारखं, कारण सुबक पाटीमागे कंपनी असते आणि खरडलेल्या पाटीमागे माणूस असतो, असं लोकांना वाटतं. हे खरडलेलं अक्षर पुष्कळदा छापखान्यातूनच आलेलं असतं, हा भाग वेगळा. खांबांवर परवानगीशिवाय लावलेल्या या पाट्यांना धंद्यातली माणसं स्वतःच ‘बँडिट साइन’ म्हणतात. धंद्याचा इतका नेमका परिचय आतल्या माणसांनीच करून दिल्यावर टीकाकाराला फारसं काम उरत नाही. या क्षेत्रातली मोठी कंपनी होमव्हेस्टर्स १९९६ साली डॅलसमध्ये निघाली. ‘आम्ही कुरूप घरं विकत घेतो’ हे तिचं घोषवाक्य आणि तिच्या जाहिरातीत ‘अग’ नावाचा एक आदिमानव. घरांच्या व्यवहारात आदिमानवाचा अनुभव किती, असं कोणी विचारील. पण जागा ‘आहे तशी’ ताब्यात घेण्यात त्याचा हात धरणारा दुसरा सापडणार नाही.

इथे रोख म्हणजे खरेदीदार बँकेच्या गृहकर्जासाठी थांबत नाही, एवढंच. पैसे मालकी हक्काची कागदपत्रं तपासणाऱ्या टायटल कंपनीमार्फत रीतसर खात्यात जमा होतात. आपल्याकडे जमिनी-घरांच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोकड घेतली तर आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं, आणि तरीही ‘रोखीने घर’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा पिशवीच उभी राहते. ती पिशवी या लेखापुरती खाली ठेवावी. माझा मुद्दा दुसराच आहे. पाटीवाला घर विकत घ्यायला येत नाही, तो दिवस विकायला येतो. एरवी ज्या व्यवहाराला दोन-तीन महिने लागतात तो हा माणूस सात दिवसांत उरकून देतो. मधले उरलेले दिवस हा त्याचा माल. माल खोटा नाही आणि काहींना त्याची खरोखर गरज असते. तक्रार एवढीच, की त्यावर छापील किंमत नसते. ती घराच्या भावात अशी मुरवलेली असते की गिऱ्हाइकाला आपण काही विकत घेतलंय याचाच पत्ता लागत नाही. उलट आपणच काहीतरी विकून मोकळे झालो, या आनंदात तो असतो.

किंमत काढणं अवघड मात्र नाही. या धंद्यात सत्तर टक्क्यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: दुरुस्ती केल्यावर घर जितक्याला जाईल त्याचे सत्तर टक्के धरायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, त्याच्या वर एक डॉलर द्यायचा नाही. उदाहरणादाखल एक घर घेऊ. सगळी डागडुजी करून ते ३ लाख डॉलरला जाईल, डागडुजीला ४० हजार लागतील. गुंतवणूकदाराचा आकडा येतो १ लाख ७० हजार. तेच घर गळक्या नळासकट आणि उखडलेल्या गालिच्यासकट उघड्या बाजारात २ लाख ४० हजारांना गेलं असतं, असं धरू. एजंटांचं सहा टक्के कमिशन म्हणजे १४,४००, बाकी किरकोळ खर्च ६ हजार. हे सगळं जाऊन हातात २ लाख १९ हजार ६०० उरतात. फरक ४९,६०० डॉलरचा. वाचलेले दिवस समजा साठ. म्हणजे दिवसाला सव्वाआठशे डॉलरहून थोडे जास्तच. ‘कमिशन नाही, एजंट नाही, दुरुस्ती नाही’ असं पाटीवाला बजावून सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. ते चौदा हजार वाचवल्यावरही तो निव्वळ पन्नास हजार घेतो, एवढंच. रोजचे सव्वाआठशे डॉलर हातात असतील तर माणसाने ते साठ दिवस एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात काढावेत, सकाळी इडली-चटणी मागवावी आणि घर बघायला येणाऱ्यांची व्यवस्था एजंटावर सोपवावी. हॉटेलाचं बिल बघून तोंडात बोट घालणारा माणूस हाच हिशेब घराच्या कागदावर मुकाट सही करून चुकता करतो, कारण हॉटेल दिवसाचा दर भिंतीवर लावतं आणि पाटीवाला लावत नाही.

थांबण्याला किंमत असते याचा पुरावा दुसऱ्या बाजूनेही मिळतो. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागोच्या उपनगरांतल्या जवळजवळ लाखभर घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. इतरांची घरं विकणारे एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा काय करतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं, की ते आपलं घर सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि ३.७ टक्के जास्त भाव मिळवतात. गिऱ्हाइकाला ‘ही ऑफर सोडू नका हो’ म्हणणारा माणूस स्वतःच्या घराची तशीच ऑफर शांतपणे सोडतो. याचा अर्थ एजंट वाईट असा नाही. भाव दहा हजारांनी वाढला तर त्यातले दीड-पावणेदोनशे डॉलर त्याच्या खिशात पडतात, मग त्याने आणखी आठवडाभर का झिजावं? पण अर्थ एवढा नक्की, की ज्याला बाजार कळतो तो स्वतःच्या बाबतीत घाई करत नाही. घाई ही दुसऱ्याला देण्याची वस्तू आहे, सल्ल्यासारखीच.

यावर पहिला आक्षेप जरा तापट स्वभावाच्या वाचकाचा असतो: मग हे सगळे लुटारूच की! मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण झिलो ही कंपनी आहे. घरांचे भाव संगणकावर दाखवणाऱ्या झिलोने २०१८ पासून स्वतःच घरं विकत घ्यायला सुरुवात केली. गणित संगणकाचं, भाव बाजाराच्या जवळपास, गती पाटीवाल्याची. म्हणजे घाई हवी आणि घाईचा भाव नको, असा सगळ्यांच्या मनातला व्यवहार. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने हा उद्योग बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या तिमाहीत घरांच्या साठ्यावर ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम तोट्यात दाखवली आणि सुमारे पाव कर्मचारी कमी करण्याचं ठरवलं. घराच्या भिंतीत काय आहे, शेजारी कसा आहे, तीन महिन्यांनी बाजार कुठे असेल, हे न कळता आज पैसे मोजणारा माणूस जोखीम घेतो आणि जोखमीचे पैसे कोणाला तरी द्यावे लागतात. ते विकणाऱ्याने दिले नाहीत तर झिलोच्या भागधारकांना द्यावे लागतात. तेव्हा सात दिवसांत पूर्ण भाव ही वस्तू अस्तित्वात नाही, हे त्या कंपनीने स्वखर्चाने सिद्ध करून दाखवलं. इतकं खर्चिक संशोधन विद्यापीठांना परवडत नाही.

अस्तित्वात नसलेली ही वस्तू मिळते असं सांगितलं की मात्र भानगड सुरू होते. ओपनडोर या अशाच झटपट खरेदी करणाऱ्या कंपनीने जाहिरातींत आपल्याला घर विकलं तर उघड्या बाजारापेक्षा जास्त पैसे हाती पडतात असं भासवलं, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. बहुतेक विक्रेत्यांना उलट हजारो डॉलर कमी मिळाले, असं कमिशनचं म्हणणं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलर भरायचं कबूल करून कंपनीने ते प्रकरण मिटवलं. माझा सगळा वाद एवढ्यावरच आहे. दिवस विका, महाग विका, पण फुकट वाटतोय असं म्हणू नका.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. काहींना खरोखरच वेळ नसतो आणि काही घरांना दुसरं गिऱ्हाईकच नसतं. हे बरोबर आहे. छत गळतंय, जुन्या रंगाचे पोपडे निघालेत, हीटर बंद आहे, अशा घराला सरकारी हमीचं गृहकर्ज दुरुस्तीशिवाय सहसा मिळत नाही. म्हणजे कर्ज काढून येणारे सगळेच बाद. जप्तीच्या लिलावाची तारीख पुढच्या आठवड्यावर आली असेल तर एकेका दिवसाची किंमत हजार डॉलरसुद्धा वाजवी ठरू शकते. आणि यात आपली माणसंही आहेत. टेक्सासात किंवा न्यू जर्सीत घर घेतलेल्या एखाद्या मराठी इंजिनिअरची एच-वन-बी व्हिसावरची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला त्याच्याकडे जास्तीत जास्त साठ दिवस असतात. मुलांची शाळा, गाडी, फर्निचर, पुण्यातल्या आईला काय सांगायचं आणि किती सांगायचं, हे सगळं त्या साठांतच बसवायचं. अशा वेळी पाटीवरचे ‘सात दिवस’ देवाने लिहिल्यासारखे वाटले तर नवल नाही.

पण इथेच थोडं थांबून बघावं. साठ दिवसांची मुदत माणसाला आहे, घराला नाही. घराला व्हिसा लागत नाही. मालक कोथरूडला परतल्यावरही ते तिथेच उभं राहतं, एजंट ते दाखवतो आणि सह्या मुखत्यारपत्रावर होतात. एक अडचण खरी आहे. करापुरता तो माणूस परदेशी ठरला तर विक्रीच्या रकमेतले सामान्यतः १५ टक्के खरेदीदाराने कापून अमेरिकेच्या कर खात्याकडे भरायचे असतात (खरेदीदार स्वतः राहणार असेल आणि किंमत ठरावीक मर्यादेत असेल तर यात सूट मिळते). ही कपात म्हणजे कर नव्हे. विवरणपत्र भरलं की हिशेब होऊन जास्तीचे पैसे परत येतात, भले सरकारी चालीने येवोत. पंधरा टक्के काही महिने अडकतील या धास्तीने वरच्या उदाहरणातल्यासारखे जवळजवळ एकवीस टक्के कायमचे सोडून देणं, याला आपल्याकडे आगीतून फुफाट्यात म्हणतात. गणितात पहिले आलेले लोक हे करतात, कारण त्या वेळी ते गणित करत नसतात, विमानाचं तिकीट शोधत असतात.

तिसरा आक्षेप असा, की माणसं सज्ञान आहेत, त्यांनी सही केली, तुमचं काय जातं? सज्ञान खरीच, पण पाटीवाला त्यांना कसा शोधतो ते बघा. धंद्यात ‘गरजू विक्रेता’ शोधण्याच्या याद्या विकत मिळतात: मृत्यूनंतर वारसांकडे चाललेली घरं, घटस्फोट, थकलेला मालमत्ता कर, सुरू झालेली जप्ती. ही सगळी माहिती तिथे सार्वजनिक दफ्तरात असते. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की तेराव्याला नातेवाईक वाटणीचा विषय काढतात. तिथे त्याच सुमारास टपालपेटीत हाताने लिहिल्यासारखं दिसणारं पत्र पडतं. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये होमव्हेस्टर्सच्या काही फ्रँचायझीधारकांनी वृद्ध आणि अडचणीतल्या मालकांना कसं गाठलं याची प्रकरणं मांडली. असे प्रकार आम्हाला मान्य नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती. ती खरी मानली तरी यादीचा स्वभाव बदलत नाही. ती घरांची यादीच नव्हे, ज्यांना आकडेमोड करण्याचं त्राण उरलेलं नाही अशांची आहे.

आणि सगळ्या पाटीवाल्यांकडे रोख तरी असते का? होलसेलर नावाच्या जमातीकडे नसते. तो नाममात्र विसार देऊन करार करतो, करारात तो दुसऱ्याच्या नावे करण्याचा हक्क राखून ठेवतो आणि मग खऱ्या खरेदीदाराच्या शोधात निघतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे आपल्याला माहीत होते. इथे तुळशीपत्राचेही पैसे मिळतात. गिऱ्हाईक मिळालं नाही तर तपासणीच्या मुदतीत तो निघून जातो किंवा शेवटच्या आठवड्यात ‘पाया जरा खचलाय हो’ म्हणत भाव पाडतो. तोवर विकणाऱ्याने सामान बांधलेलं असतं. अखेरच्या क्षणी भाव पाडण्याच्या या खोडीवर ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगनेही २०१३ मध्ये तिथल्या झटपट घरखरेदीच्या पाहणीत बोट ठेवलं होतं, म्हणजे समुद्र ओलांडला तरी कला तीच. इलिनॉयने २०१९ मध्ये आणि ओक्लाहोमाने २०२१ मध्ये होलसेलरला परवान्याच्या कक्षेत आणणारे कायदे केले. चांगलं झालं, पण परवाना भिंतीवर टांगल्याने दिवसाचा दर कागदावर येत नाही.

ज्यांच्याकडे खरंच रोख आहे म्हणतात त्यांतलेही बरेच खासगी सावकाराकडून चढ्या व्याजाने, थोड्या मुदतीसाठी उचल घेऊन आलेले असतात. घर पडून राहिलं की त्यांचं व्याज चढतं. होलसेलरची मुदत संपत आली की त्याचा करार बुडतो. म्हणजे घाई दोन्हीकडे असते, फक्त एकाच्या घाईची यादी बाजारात विकत मिळते. टपालपेटीत आलेली ती पत्रं कचऱ्यात टाकायच्या आधी विकणाऱ्याने एका दुपारी त्यातल्या चार-पाच नंबरांवर फोन करावा, प्रत्येकाला बाकीच्यांचा आकडा सांगावा, एका एजंटाकडून बाजारभाव लिहून घ्यावा आणि ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवून द्यावा. संध्याकाळपर्यंत पहिला फोन परत येतो, आणि त्यातला आकडा सकाळचा नसण्याची शक्यता बरीच असते.