परकीय हात ओळखा: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

श्रीलंकेत 2022 साली, बांगलादेशात 2024 साली आणि नेपाळात 2025 साली लोक रस्त्यावर आले, राज्यकर्ते पळाले किंवा पायउतार झाले. यावलच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर तेव्हा सगळ्यांनी चहा गार व्हायच्या आत सांगून टाकलं, की यामागे अमक्याचा हात आहे. तुम्ही मात्र बशीत बघत बसलात. अशी नामुष्की पुन्हा येऊ नये म्हणून ही पद्धत. त्या देशाची भाषा, नकाशा, इतिहास यांतलं काहीच येत नसेल तर उत्तम. निम्मं काम झालं.

साहित्य: पडलेलं किंवा पडायला आलेलं एक सरकार, चिडलेली माणसं आणि लांबचा एक देश. माणसं चिडली कशाने, ते घालू नये. चव बिघडते.

पायरी 1. पोटाकडे बघू नका.
हा धडा आपल्याच खानदेशात गिरवला गेला. 1818 साली पेशवाई बुडाली, मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि डोंगरातले भिल्ल उठले. घाटवाटा राखण्याबद्दल मिळणारे त्यांचे जुने हक्क बुडाले होते. नवशिका इथेच फसतो आणि हक्कांची चौकशी करत बसतो. कंपनीचे साहेब मुरलेले. त्यांनी बंडामागे पदच्युत पेशवा दुसरा बाजीराव आणि त्याचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांची फूस शोधून काढली. बाजीराव गंगेकाठी ब्रह्मावर्तात पेन्शन खात होता, त्र्यंबकजी कैदेत होता, पण एवढ्यावरून हात सोडायचा नसतो. सातासमुद्रापलीकडून आलेल्या कंपनीला सातपुड्यात बाहेरचा दिसला तो बाजीराव! एवढा आत्मविश्वास तुम्हालाही सरावाने येईल.

पायरी 2. औषध लागू पडलं तरी निदान बदलू नका.
1825 साली जेम्स आउट्रामने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला. पलटणीत पगार मिळू लागला, बाकीच्यांना शेतीसाठी जमिनी आणि तगाई मिळाली आणि बंडाळी बरीच निवली. पगार भिल्लांना चालू झाला आणि हात बाजीरावाचा आखडला! हे कसं, असं कुणी विचारलं तर आणखी एक चहा सांगावा.

पायरी 3. शत्रू ताजा घ्या.
1857 साली बाजीरावाला जाऊन सहा वर्षं झाली होती. मग उठावामागे काही इंग्रजांना रशिया दिसला, काहींना इराण. क्रिमियात रशियाशी लढून वर्षच झालं होतं आणि इराणशी लढाई नुकतीच मिटत होती. तिथल्या मोहिमेचा सेनापती कोण? आपला धरणगावचा आउट्राम. इकडे सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक लढत होते. त्यांच्या तक्रारी ऐकायला रशियाच्या झारपेक्षा जवळचे साहेब होते. पण जवळचं बघायचं नाही, हे पहिल्याच पायरीत ठरलं आहे.

पायरी 4. खरा हात सापडला तर जपून वापरा.
कधीकधी हात खरोखरच असतो. इराणमध्ये 1953 साली पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार पाडण्यात अमेरिका आणि ब्रिटन होते. कागद बाहेर आले आहेत. हे उदाहरण खिशात ठेवा, पण कागदाचा आग्रह धरू नका, नाहीतर उद्या लोक तुमच्याकडेही मागतील. 1917 साली जर्मनीने लेनिनला आगगाडीने रशियाकडे जाऊ दिलं, हेही खरं. मात्र झार त्याच्या आधीच गेला होता आणि पेट्रोग्राडच्या बायका भाकरीसाठी त्याच्याही आधी रस्त्यावर आल्या होत्या. म्हणून गाडीचं तेवढं सांगा, वेळापत्रक सांगू नका.

पायरी 5. स्वदेशी वापर.
साहेब गेले, पद्धत राहिली. 1974-75 च्या आंदोलनांमागे इंदिरा गांधींना परकीय शक्ती दिसत होत्या. त्यांतल्या गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनाची ठिणगी अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पडली, मेसचं बिल वाढलं म्हणून. डाळीच्या वाटीत वॉशिंग्टन दिसणं ही या कलेची वरची इयत्ता. तुम्ही घाई करू नका.

सावधान. फैजपूरला जाणं टाळा. यावल तालुक्यातच आहे, एसटीने चटकन पोचाल आणि पद्धत विसराल. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष नेहरू. महिन्यापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही आले होते. मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष काढलेला, मॉस्कोत लेनिनबरोबर बसलेला माणूस! इतका अस्सल परकीय हात पुन्हा मिळायचा नाही. आणि अधिवेशनात ठराव कसले, तर शेतसारा, खंड आणि कर्ज यांचे. त्यासाठी इथल्या कुणब्याला मॉस्कोच्या शिकवणीची गरज नव्हती.

गृहपाठ. समजा, उद्या केळीचा भाव कोसळला आणि तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांसह बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता अडवून बसलात. टपरीवरचा एक जण म्हणाला, "यांना बाहेरून फूस आहे." पाचही पायऱ्या वापरून त्याचं म्हणणं सिद्ध करा.

जमत नाही? तोंडात शिवी येते? कापणीची मजुरी, खताची पावती, क्विंटलचा भाव त्याच्यापुढे आपटावासा वाटतो? मग ही पद्धत तुमच्या कामाची नाही. टपरीवर परत जा आणि कोलंबो, ढाका, काठमांडूतल्या माणसांच्या खिशात कसल्या पावत्या होत्या, ते आधी विचारा. चहा गार झाला तरी चालेल.